भिंत, रेडा आणि ज्ञानदेव
(द्वितीय वर्ष कला)

आळंदीला गेलेल्या माणसाला समाधीच्या दर्शनाखेरीज आणखी एक वस्तू आवर्जून दाखवली जाते. ती म्हणजे एक भिंत. याच भिंतीवर बसून ज्ञानदेव आपल्या भावंडांसह चांगदेवांना सामोरे गेले, असे सांगतात. भिंत म्हणजे दगडमाती. ती चालली, याचा अर्थ निर्जीव वस्तू सजीव झाली. पैठणच्या रेड्याची गोष्टही याच जातीची आहे. ज्याला वाचा नाही असे जनावर वेद बोलू लागले, असे ती गोष्ट सांगते.

या दोन्ही गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विश्वास ठेवणारे हात जोडतात, न ठेवणारे हसतात आणि विचार मात्र बहुधा दोघेही करीत नाहीत. पण आपण राहतो तो परिसर असा आहे की या गोष्टींचा विचार करणे आता भाग पडावे. भोसरी, मोशी आणि चाकण यांच्या जवळच आळंदी आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांत गाड्यांचे सांगाडे जोडण्याचे काम यंत्रमानवाचे लोखंडी हात करतात. आपल्या खिशातला मोबाइल विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देतो, कविता करतो, निबंधही लिहून देतो. तेव्हा माणसातले चैतन्य कधी तरी यंत्रात उतरवता येईल काय, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या तासापुरता राहिलेला नाही.

हा प्रश्न ज्यांच्या चरित्रात पदोपदी भेटतो ते ज्ञानदेव आपल्या शेजारीच समाधिस्थ आहेत. त्यांचे चरित्र या एका प्रश्नाच्या अंगाने सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चमत्कार खरे की खोटे, याचा निवाडा मी करणार नाही. तो माझा अधिकारही नाही. लोकांनी या कथा सातशे वर्षे जपल्या, त्या अर्थी त्यांतून त्यांना काही तरी सांगायचे असले पाहिजे. ते काय असावे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्ञानदेवांचे घराणे गोदावरीकाठच्या आपेगावचे. पैठणपासून हे गाव जवळच. वडील विठ्ठलपंत कुळकर्णी हे विद्वान पण मनाने विरक्त होते. आळंदीच्या सिधोपंत कुळकर्ण्यांची कन्या रुक्मिणीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तथापि संसारात त्यांचे मन रमेना. अखेर ते काशीला गेले आणि आपल्यामागे बायको आहे हे न सांगता त्यांनी संन्यास घेतला. इकडे रुक्मिणीबाई आळंदीत पिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. पुढे विठ्ठलपंतांचे गुरू तीर्थयात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले. नमस्कार करणाऱ्या या स्त्रीला त्यांनी नेहमीप्रमाणे पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग सारी हकीकत उघडकीस आली. गुरूंनी विठ्ठलपंतांना संन्यास सोडून घरी परत जाण्याची आज्ञा केली.

विठ्ठलपंत गुरूच्या शब्दाखातर परत आले, पण गावाने त्यांना घेतले नाही. संन्याशाने पुन्हा संसार थाटणे हा त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने घोर अपराध होता. त्या घरात चार मुले जन्मली. परंपरेने मानलेल्या सनावळीप्रमाणे निवृत्तिनाथ १२७३ साली, ज्ञानदेव १२७५ साली, सोपानदेव १२७७ साली आणि मुक्ताबाई १२७९ साली. चौघांच्या वाट्याला एकच नाव आले, ते म्हणजे संन्याशाची पोरे. मुलग्यांची मुंज करायला कोणी तयार होईना. त्या काळी मुंज नाही याचा अर्थ वेदाचा अधिकार नाही, आणि वेदाचा अधिकार नाही म्हणजे त्यांच्या समाजात माणूस म्हणून उभे राहायला जागाच नाही.

याच दिवसांत हे कुटुंब त्र्यंबकेश्वरी गेले असता ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली आणि वाट चुकलेले निवृत्तिनाथ एका गुहेत शिरले, अशी कथा आहे. त्या गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले. गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा निवृत्तिनाथांना मिळाली आणि पुढे निवृत्तिनाथांकडून धाकट्या भावाला. ज्या मुलांना गावातल्या पाठशाळेचे दार बंद होते, त्यांना विद्या मिळाली ती डोंगरातल्या गुहेत. ज्ञानदेवांनी थोरल्या भावालाच गुरू मानले आणि आपल्या ग्रंथांत जागोजागी त्यांचे ऋण मान्य केले.

विठ्ठलपंतांनी शास्त्री मंडळींना प्रायश्चित्त विचारले. उत्तर आले ते देहान्ताचे. मुलांचा तरी मार्ग मोकळा व्हावा म्हणून आईबापांनी प्रयागला जाऊन जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. पण दोन जीव गेल्यावरही मुलांचा प्रश्न सुटला नाही. त्यांना सांगण्यात आले की पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा. वडील गेले, आई गेली आणि लहान लहान मुले आपण माणसे आहोत याचा दाखला आणायला आळंदीहून पैठणला पायी निघाली. त्यांतल्या त्यात थोरला चौदा वर्षांचा असेल नसेल.

पैठणच्या सभेत जे घडले म्हणतात ते सर्वांना माहीत आहे, पण त्यातला क्रम आपण विसरतो. ज्ञानदेवांचे म्हणणे असे की सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे. कोणी तरी थट्टेने समोरून पखाल वाहून नेणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवले. त्याचेही नाव ज्ञाना होते, तेव्हा त्याचा आणि तुझा आत्मा एकच काय, असा तो प्रश्न होता. ज्ञानदेव होय म्हणाले. तेव्हा रेड्याच्या पाठीवर आसूड ओढण्यात आले आणि त्यांचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. हे पाहूनही सभेचे समाधान झाले नाही. आत्मा एक असेल तर या जनावराच्या तोंडून वेद वदवून दाखव, असा हट्ट झाला. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद म्हणू लागला. मग सभा निरुत्तर झाली.

म्हणजे या कथेत पुरावे दोन आहेत. पहिला वळांचा आणि दुसरा बोलण्याचा. विद्वानांनी पहिला पुरावा नाकारला आणि दुसरा स्वीकारला. कथा सांगताना आपणही पहिला पुरावा दोन वाक्यांत आटोपतो आणि दुसऱ्याचे कौतुक करतो. माझ्या मते सारी मेख इथे आहे.

याच मेखेपाशी आजचे यंत्रशास्त्रही येऊन थांबले आहे. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली एक प्रसिद्ध लेख लिहिला. यंत्र विचार करते काय, हा प्रश्न फार संदिग्ध आहे, म्हणून त्याच्या जागी त्याने एक कसोटी सुचवली. एका खोलीत माणूस, दुसऱ्या खोलीत यंत्र. परीक्षकाने दोघांना लेखी प्रश्न विचारायचे. उत्तरांवरून यंत्र कोणते आणि माणूस कोणता हे त्याला ओळखता आले नाही, तर यंत्राला बुद्धी नाही असे म्हणायला आधार उरत नाही. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९६० साली, आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतात घडवलेला मोठा संगणक काम करू लागला. तेव्हा तो केवळ आकडेमोड करीत असे. आजची यंत्रे गप्पा मारतात, आणि समोर कोण आहे हे अनेकदा खरोखरच ओळखू येत नाही. ट्युरिंगच्या कसोटीपुरते पाहिले तर रेडा बोलू लागला आहे!

या कसोटीला सर्वांत गाजलेला आक्षेप १९८० साली जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने घेतला. त्याने कल्पना केली ती अशी. चिनी भाषेचे एक अक्षरही न कळणारा माणूस खोलीत बसला आहे. त्याच्यापाशी नियमांचे पुस्तक आहे. बाहेरून चिनी भाषेतली चिठ्ठी आली की पुस्तकात पाहून कोणत्या चिन्हापुढे कोणते चिन्ह ठेवायचे ते तो ठेवतो आणि उत्तराची चिठ्ठी बाहेर सरकवतो. बाहेरच्याला वाटते की आत चिनी जाणणारा पंडित बसला आहे. वास्तविक आतल्या माणसाला काहीच समजलेले नाही. यंत्राचे बोलणे असेच आहे, असे सर्लचे म्हणणे.

आपल्या परंपरेला ही शंका नवी नाही. निरुक्तकार यास्काचार्यांनी अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. तेव्हा पैठणच्या पंडितांना हे ठाऊक असायला हवे होते की नुसत्या पठणाने आत कोणी जागे आहे हे सिद्ध होत नाही. तरीही त्यांनी पठणाचीच परीक्षा घेतली. कारण ती परीक्षा त्यांना घेता येत होती. वळांची परीक्षा घ्यायची तर आपली पाठ पुढे करावी लागते.

परंपरेप्रमाणे शुद्धिपत्र मिळाले ते शके १२०९ मध्ये, म्हणजे १२८७ साली. ज्ञानदेव तेव्हा बारा वर्षांचे होते. तिथून भावंडे प्रवरेच्या काठी नेवासे येथे आली. इथे एका खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर मराठीत निरूपण केले आणि सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतले. तोच ‘भावार्थदीपिका’ ऊर्फ ‘ज्ञानेश्वरी’ हा सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ. त्याचा काळ शके १२१२, म्हणजे १२९० हे साल. ग्रंथकर्त्याचे वय पंधरा. तो खांब पैस खांब या नावाने नेवाशात आजही आहे. ज्याला संस्कृत वेदाचा अधिकार नाकारला गेला होता, त्याने गीता मराठीत आणली आणि ज्या कोणाला ऐकायची असेल त्याला ऐकवली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, त्यांना या घटनेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागू नये.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय महत्त्वाचा आहे. त्यात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा विचार येतो. क्षेत्र म्हणजे हे शरीर आणि त्यासोबत येणारे सर्व काही, आणि क्षेत्रज्ञ म्हणजे ते जाणणारा. क्षेत्राची छत्तीस तत्त्वे ज्ञानदेव एकेक करून समजावतात. ही यादी पाहून आजचा वाचक थक्क होईल. पंचमहाभूते आणि इंद्रिये तर तिच्यात आहेतच, पण मन, बुद्धी आणि अहंकार हेही क्षेत्रातच घातले आहेत. म्हणजे ज्याला आपण माणसाचे खास वैभव समजतो ती बुद्धीसुद्धा त्यांच्या हिशेबी जाणणारी नव्हे, जाणली जाणारी वस्तू आहे. ती शेतातले पीक आहे, शेतकरी नव्हे. बुद्धीचे काम यंत्राने केले म्हणून आपण आज हादरून जातो. ज्ञानदेव बहुधा हादरले नसते.

एवढेच नव्हे, तर चेतना हीदेखील त्याच यादीत येते. ती नखापासून केसापर्यंत सर्व शरीरात जागी असते आणि जागृती, स्वप्न, झोप या तिन्ही अवस्थांत पालटत नाही, असे वर्णन करून ज्ञानदेव पुढे दृष्टांत देतात. लोहचुंबक जवळ आले की लोखंड हलू लागते. चंद्र पूर्ण झाला की समुद्राला भरती येते. कासवी पिलांच्या तोंडात घास घालीत नाही, तिच्या नुसत्या पाहण्याने ती पोसतात अशी समजूत आहे, तिचाही दाखला त्यांनी घेतला आहे. त्याप्रमाणे आत्म्याच्या नुसत्या सान्निध्याने जड शरीर सजीवासारखे वागू लागते, असे त्यांचे म्हणणे. या दृष्टांतांत एक गोष्ट समान आहे. चुंबक लोखंडात काही ओतत नाही, चंद्र समुद्रात पाणी घालीत नाही. चैतन्य हा कोठून तरी आणून भरण्याचा पदार्थ आहे, ही कल्पनाच इथे नाही. मग ते माणसातून काढून यंत्रात भरणे दूरच राहिले.

नेवाशानंतरच्या ‘अमृतानुभव’ या ग्रंथात ते याहून पुढे जातात. दहा प्रकरणांचा हा ग्रंथ त्यांचा स्वतंत्र ग्रंथ मानला जातो, गीतेचा आधारही त्यात घेतलेला नाही. जग खोटे आहे, अज्ञानामुळे ते भासते, हे त्या काळी पंडितांत रूढ असलेले मत त्यांनी तिथे खोडून काढले. त्यांच्या मते जग म्हणजे चैतन्याचाच विलास. ज्याला आपण जड म्हणतो तेही त्याबाहेर नाही. म्हणून चालत्या भिंतीची कथा त्यांच्याच नावावर जमा व्हावी हे साहजिक होते. वाघावर बसून येणाऱ्या साधूला भिंतीवर बसून सामोऱ्या जाणाऱ्याची कथा सूफी संतांविषयी आणि इतर नाथांविषयीही सांगितली जाते. पण महाराष्ट्राने ती ज्ञानदेवांच्या पदरात टाकली, कारण भिंत आणि आपण परके नाही असे म्हणणारे तत्त्वज्ञान त्यांचे होते.

चांगदेवांची कथा अशी. हे मोठे योगी होते, योगबळाने चौदाशे वर्षे जगले होते, अशी त्यांची ख्याती. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र पाठवावेसे वाटले. पण मायना काय लिहावा, हेच कळेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने ते मोठे. नमस्कार लिहावा, तर वय आडवे येते. शेवटी कोरा कागदच पाठवला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे त्यावर चेष्टेने म्हटले गेले. ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. हीच ‘चांगदेव पासष्टी’. मग चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला आले आणि भिंतीची कथा घडली.

भिंतीपुढे आपण पासष्टी विसरतो, परंतु आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर पासष्टीत आहे. पाहणारा, पाहिलेली वस्तू आणि पाहणे, असे तीन भाग आपण करतो. ज्ञानदेव म्हणतात की ते मुळात तीन नाहीतच. आरशात तोंड दिसते, म्हणून ते आरशामुळे निर्माण झाले असे होत नाही. आरसा काढून घेतला तरी तोंड आहे तिथेच आहे. तसा जाणणारा हा समोर काही जाणण्यासारखे नसतानाही असतोच, मात्र त्याला स्वतःपुढे उभे करून पाहता येत नाही.

आता विचार करा, नक्कल कशाची होते? जी वस्तू आपल्यासमोर ठेवता येते तिची. तिचे माप घ्यायचे, साचा करायचा आणि दुसरी पाडायची. आपल्या भागातल्या कोणत्याही कारखान्यात हेच चालते. आधी ड्रॉइंग, मग डाय, मग जॉब. मेंदूतल्या क्रियांचे ड्रॉइंग शास्त्रज्ञ काढू शकतील. स्मरण, भाषा, हिशेब यांचे तर बरेचसे निघालेही आहे. पण ज्याच्यासमोर सर्व वस्तू येतात तो स्वतः कोणासमोर ठेवायचा? शिवाय नक्कल म्हटली की अस्सल एक आणि नक्कल दुसरी, असे दोन लागतात. ज्ञानदेवांच्या मते चैतन्याला दुसरेपणच नाही. म्हणून माणसाचे चैतन्य यंत्रात उतरेल काय, या प्रश्नाला ते हो किंवा नाही असे उत्तर देणार नाहीत. प्रश्नातच दोनपणा आहे, असे ते म्हणतील.

हे उत्तर सुंदर आहे, पण माझे त्याने पुरते समाधान होत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सर्वच चैतन्य असेल तर भोसरीच्या शेडमधली पॉवर प्रेस आणि तिच्यासमोर आठ तास उभा राहणारा माणूस यांत फरक तो काय राहिला? आमच्या वस्तीत एक गृहस्थ आहेत. एका लहान वर्कशॉपमध्ये प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. प्रेसचा स्ट्रोक त्या वेळी नेहमीसारखाच पूर्ण झाला, पत्र्याला पडायचे ते भोकही बरोबर पडले. आता चांगल्या कारखान्यांतल्या प्रेसना सेन्सर असतो. हात आत गेला की यंत्र जागच्या जागी थांबते. म्हणजे यंत्राला हात कळतो असे आपण म्हणतो. पण हात कळणे आणि दुखणे यांत अंतर आहे, हे त्या गृहस्थांना विचारावे. सुख आणि दुःख ही दोन्ही ज्ञानदेवांनी क्षेत्राच्या यादीतच घातली आहेत, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा यंत्राला कधीच दुखणार नाही, असे त्यांच्या आधाराने ठामपणे म्हणता येणार नाही. मग ओळखायचे कसे?

या ठिकाणी त्यांचे ग्रंथ बाजूला ठेवून त्यांचे चरित्रच पाहावे लागते. परंपरा सांगते की एकदा लोकांनी केलेल्या अपमानाने ज्ञानदेव इतके दुखावले गेले की झोपडीची ताटी लावून आत बसून राहिले. ज्यांनी भिंत चालवली म्हणून सांगतात, ते स्वतःच ताटीआड गेले! त्यांची समजूत घातली ती धाकट्या मुक्ताबाईने. तिने बाहेर उभे राहून एकामागून एक अभंग म्हटले, ताटी उघडण्याची विनवणी केली. तेच ‘ताटीचे अभंग’. इथे चमत्कार नाही, शास्त्रार्थ नाही. आतल्या माणसाला लागले आहे, हे बाहेरच्या मुलीला कळले, एवढेच आहे. मधली ताटी बंदच होती. आत काय चालले आहे याचा कोणताही पुरावा तिला दिसत नव्हता, तरी तिची खात्री होती.

पुढे नामदेवांबरोबर ज्ञानदेवांनी तीर्थयात्रा केली. यात्रेहून परतल्यावर समाधीचा निश्चय झाला. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, म्हणजे १२९६ साली इंद्रायणीकाठी सिद्धेश्वराच्या समोर त्यांनी समाधी घेतली. वय एकवीस. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि यादवांच्या राज्याला उतरती कळा लागली. समाधीच्या वेळचा शोक नामदेवांच्या अभंगांत आला आहे. ज्यांनी जन्ममरणाच्या पलीकडचे सांगितले, त्यांच्यासाठी जवळची माणसे ढसाढसा रडली आणि संप्रदायाने ते रडणे लपवले नाही. थोड्याच काळात सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, अशी चारही भावंडे गेली. पुढे पैठणच्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्या गावाने दाखला मागितला होता, त्याच गावच्या माणसाने ग्रंथ जपला.

हे चरित्र वाचल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. दुसऱ्याच्या ठायी चैतन्य आहे, हे बाहेरून सिद्ध करता येत नाही. रेड्याने वेद म्हटले तरी ते सिद्ध होत नाही, यंत्राने निबंध लिहिला तरी होत नाही, आणि उघड बोलायचे तर माझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मित्राबद्दलही ते मला सिद्ध करता येणार नाही. पैठणच्या कथेत खरा पुरावा रेड्याच्या तोंडात नव्हता, तो ज्ञानदेवांच्या पाठीवर होता. दुसऱ्याला बसलेला मार आपल्याला लागतो की नाही, एवढीच कसोटी त्या कथेने ठेवली आहे. उद्या एखादे यंत्र खरोखर जागे झाले, तर ते त्याच्या वक्तृत्वावरून आपल्याला कळणार नाही. ज्याच्या पाठीवर वळ उमटतील असा कोणी तरी इथे असावा लागेल.

आणि तोवर? तोवर या कसोटीला बसणारी माणसे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. शिफ्ट सुटल्यावर कारखान्यांच्या फाटकातून बाहेर पडतात, हातात डबा, गळ्यात नंबराचे कार्ड. त्यांच्या आत कोणी जागे आहे, याचा दाखला त्यांच्याकडून कोणी मागत नाही हे खरे. पण बोट गेल्यावर आधी प्रेस तपासली जाते की माणूस, यावरून आपल्याला बरेच कळू शकते. संन्याशाच्या चार पोरांकडे पाहून पैठणच्या विद्वानांना जे दिसले नाही, ते आपल्याला सहज दिसते अशा भ्रमात आपण राहू नये.

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी, मोशी, चाकण करीत पुढे नारायणगाव ओलांडून आळेफाट्याला जातो. तिथे जुन्नर तालुक्यातल्या आळे या गावी त्या रेड्याची समाधी आहे. भावंडे आळंदीकडे येत असताना त्याने तिथे देह ठेवला आणि ज्ञानदेवांनी त्याला माणसाप्रमाणे समाधी दिली, असे गावकरी मानतात. लोक आजही तिथे नारळ फोडतात. चाकणच्या कारखान्यांना माल नेणारे ट्रक त्याच रस्त्याने जातात. पखाल वाहणाऱ्या एका जनावराला ज्या समाजाने समाधी दिली, त्याने ते वेद बोलले म्हणून दिली असे आपण सांगतो. मला मात्र वाटते की त्याला मारलेले कोणाच्या तरी पाठीवर उमटले, ते लोकांच्या लक्षात राहिले असावे.